पुढची सीट

मंगरूळपीर ते शेलूबाजार जीप चालवणाऱ्या इंद्रभानचं घोरणं इतकं वाढलं, की बायकोनं त्याला दवाखान्यात पिटाळलंच. तिथं दिवसा पेंग येते का हे तपासायला सिस्टरनं प्रश्नांचा कागद काढला. वाचताना डुलकी लागते का? इंद्रभान कधी वाचतच नव्हता. टीव्हीपुढं? टीव्ही नातवंडांच्या ताब्यात. दुसऱ्यानं चालवलेल्या गाडीत? बावीस वर्षांत तो दुसऱ्याच्या गाडीत बसलाच नव्हता. सगळीकडे शून्य पडलं. पंधरा दिवसांनी पुन्हा तोच कागद आणि पुन्हा तेच शून्य.

"दोन्ही खेपेले एकच उत्तर आलं, भाऊ. म्हंजे भरोशाचं हाय," सिस्टर म्हणाली.

इंद्रभानलाही ते पटलं. त्याला पेंगायला फुरसत कुठं होती? पुढच्या सीटवर रोज कोणी ना कोणी बोलघेवडं येऊन बसायचं आणि सोयाबीनपासून सोयरिकीपर्यंत बोलत सुटायचं. लोकांचा आपल्यावर लई जीव आहे, असं तो घरी सांगायचा.

दवाखान्यातून परतल्यावर स्टँडवर तो जीपच्या मागच्या बाजूनं आला. रोजचे प्रवासी आत बसले होते, पुढची सीट तेवढी रिकामी होती.

"आज पुढं कोनाची पाळी हाय?" हरीओम विचारत होता. "काल मी होतो. बोलू बोलू घसा बसला, तरी तीन डाव डोये मिटले बुढ्याचे."

"आज माही," शाळेतली स्नेहा मॅडम म्हणाली.

ते ऐकून इंद्रभान पुढं येऊन स्टेअरिंगवर बसला. स्नेहा शेजारी आली.

"काय म्हने डॉक्टर, काका?"

"झोप नाई म्हने." त्यानं किल्ली फिरवली. "तू बोलत राय, बाई."