रोह्याच्या बाप्पाची तिरकी नजर

आईला हे माहीत नाही. मावशीला नाही. माझ्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीला माझ्या उद्याच्या डब्यात काय असणार तेही माहीत असतं, पण हे नाही. तुम्ही पहिलेच.

खरं तर मी दुसरंच लिहायला बसले होते. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी मॅडमनी विषय विचारले, तेव्हा मी हात वर करून म्हणाले, ‘माझे आवडते कॉमिक्सचे चित्रकार’. दोघंतिघं हसले. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, तीन चित्रकार घे आणि त्यांची रेषा तुला का आवडते ते लिही. दोन चित्रकार एका बैठकीत लिहून झाले. तिसऱ्यापाशी पेन अडलं, ते आठ दिवस अडलेलंच आहे. कारण तिसऱ्याबद्दल खरं लिहायचं तर — पण थांबा. आधी पहिले दोन. मला एकदम नाही जमणार.

पेणजवळच्या आमच्या गडब गावच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. वडील भातशेती सांभाळून कंपनीत शिफ्टला जातात. आई पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करते. गोष्टीची पुस्तकं विकत घेतात हे मला फार उशिरा कळलं. पण कारखान्यात मूर्ती बांधायला रद्दी लागते, गोण्याच्या गोण्या येतात, आणि त्या रद्दीत जुनी कॉमिक्स निघत. मुखपृष्ठ नसलेली, शेवट नसलेली, कधी मधली चारच पानं. शाळा सुटली की मी आईजवळ बसून ती निवडून काढायचे. त्यामुळे माझ्या आवडत्या चित्रकारांपैकी एकाचंही नाव मला माहीत नाही. मीच ठेवलीत.

पहिला शाईवाला. हा माणूस काळ्या शाईला घाबरत नाही. विहिरीत डोकावणारा माणूस काढायचा, तर अख्खी चौकट काळी करून टाकतो आणि फक्त कपाळ, नाकाचा शेंडा नि दोन बोटं पांढरी ठेवतो. बाकीचा माणूस आपण मनानं काढायचा. मला वाटतं, म्हणूनच तो लक्षात राहतो — अर्धं काम आपणच केलेलं असतं ना?

दुसरा गर्दीवाला. याचा नायक चोरामागे धावत असतो, पण चित्रकाराला त्याची घाई नाही. मागे बाजार भरलेला. कोपऱ्यात एक कुत्रा भाकरी पळवतो. पुढच्या चौकटीत म्हातारी त्याच्यामागे काठी घेऊन. त्याच्या पुढच्यात कुत्रा म्हातारीच्याच ओट्यावर बसून ती भाकरी खातोय. गोष्टीत या दोघांचं काही काम नाही, एक शब्द नाही. तरी मी ती पानं कुत्र्यासाठी दहा वेळा वाचली. याच्या चित्रात कुणीच फालतू नसतो.

आणि तिसरा — तिरप्या.

तिरप्याची सगळी करामत डोळ्यांत. वरची पापणी एकच आडवी रेघ. बुबुळ मधे नाही, ढकलून कोपऱ्यात. आणि एक भुवई केसभर वर. बस, तीन फटकारे. पण त्या तीन फटकाऱ्यांनी तो माणूस तुमच्याकडे असा बघतो, की तुम्ही काल काय केलंत ते त्याला माहीत आहे. त्याच्या हवालदाराला माहीत आहे, चहावाल्याला माहीत आहे, एका पानावर तर म्हशीलाही माहीत आहे. मी ती म्हैस वहीत, पाटीवर, तांदळाच्या पिठानं अंगणात — कुठं कुठं काढली असेल! करवंटीवरही काढली. माझी म्हैस त्याच्या म्हशीच्या जवळपास पोचली होती. हे मी अभिमानानं सांगत नाहीये. म्हणजे तेव्हा अभिमान होता. तोच तर नडला.

आता अंतामामा.

अंतामामा आमच्या कारखान्यात डोळे आखायचे. हे काम सगळ्यात शेवटी होतं आणि ते एकट्या माणसाचं असतं. बाकीची मूर्ती दहा हात मिळून करतात, पण डोळे एकाच हाताचे. ते ब्रश टेकवायच्या आधी श्वास आत घ्यायचे आणि बुबुळ पुरं झालं की सोडायचे. तेवढा वेळ आई नि तिच्या मैत्रिणीसुद्धा गप्प बसत, आणि त्या कशालाच गप्प बसत नाहीत. मामांच्या डोळ्यांची खुबी मला सांगता येत नाही. शाईवाल्याची आली, गर्दीवाल्याची आली, यांची नाही येत. तो गणपती काही विचारत नाही, एवढंच. तुम्ही आलात, बरं झालं, बसा — असं बघतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. चतुर्थीच्या आदल्या दिवशीची दुपार. मी बारावी होऊन कॉलेजात नुकतीच जायला लागले होते, आणि गर्दीचे दिवस म्हणून कारखान्यात मदतीला गेले होते. मामांसमोर रोह्याच्या माझ्या मावशीचा पाट होता. आमच्याकडे पाट आधी देऊन ठेवतात, मूर्ती त्याच्यावरच घरी जाते. दीड फुटी मूर्ती, सगळी झालेली. डोळ्यांचा पांढरा रंग वाळलेला. बुबुळं, पापण्या, भुवया बाकी. तेवढ्यात कारखान्याच्या शेठनी हाक मारली, बाहेर टेम्पोत एका मूर्तीचं बोट दुखावलं होतं. मामा ब्रश वाटीवर आडवा ठेवून गेले.

हात आपोआप गेला, असं मी मनाला दोन वर्षं सांगत आले. हात आपोआप जातो का हो कुठं? मी आधी दाराकडे बघितलं. मग आईकडे — तिची पाठ होती. मग मामांसारखा श्वास आत घेतला. वरची पापणी एकच आडवी रेघ. बुबुळ कोपऱ्यात. दुसरं बुबुळ कोपऱ्यात. एक भुवई केसभर वर.

सुंदर झालं होतं. कबुलीच द्यायची तर तीही देते — सुंदर झालं होतं.

पुसणार होते. ओला फडका हातात घेतलाही होता. पण मावशीचे यजमान दारात उभे. आमच्याकडे मूर्ती नेताना तोंडावर रुमाल टाकतात, तो घरी स्थापनेच्या वेळीच काढायचा. रुमालाची घडी काकांनी माझ्याच हातात दिली. “वैशू, टाक गो. टेम्पो मधेच लावलाय.” मी टाकला. मामा परत आले तोवर पाट गेला होता. त्यांनी एकदा रिकाम्या जागेकडे बघितलं, एकदा वाटीवरच्या ब्रशकडे, आणि पुढची मूर्ती ओढली. त्या दिवसांत ते इतके डोळे करत, की झाले असतील, असंच त्यांना वाटलं असणार.

आमच्या घरी गणपती बसत नाही, म्हणून चतुर्थीला आम्ही रोह्याला मावशीकडे असतो. म्हणजे रुमाल निघाला तेव्हा मी समोरच होते.

मावशीचे सासरे, नाना, बसमध्ये कंडक्टर होते. बिनतिकीट माणसाकडे त्यांनी जन्मभर जसं बघितलं, तसंच आज त्यांच्याकडे कुणीतरी बघत होतं.

“हा असा काय बघतोय माझ्याकडं?” नाना म्हणाले.

“तुमच्याकडं नाय, माझ्याकडं बघतोय,” काका म्हणाले, आणि आवाज जरा बारीकच आला त्यांचा.

आरतीला सगळं घर एका बाजूला सरकलं. बाप्पाची नजर ज्या अंगाला होती तिकडे उभं राहायला कुणी तयार नाही. टाळ वाजवणारा शेजारीसुद्धा वाजवत वाजवत खांबामागे गेला. आरती संपली, कापूर विझला, आणि काका एकदम म्हणाले, “नाना, श्रावणात ओव्हरटाइम नव्हता. मी कोलाडला जाऊन कोंबडी खाल्ली. दोनदा.”

“दोनदा?”

काकांनी मूर्तीकडे बघितलं. “चारदा.”

मावशीनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडतेय. तर ती म्हणाली, “मोदक मी नाय केलेले. वडखळवरनं आणलेत. तीन वर्षं झाली.”

“तरीच बरे लागतात,” नाना म्हणाले. मग त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून पेढ्यांची पुडी काढली आणि देवासमोर ठेवली. नानांना साखर वर्ज्य आहे. पुडी अर्धी होती.

उरले कोण? मी. माझ्याच हातचे डोळे, आणि ते सरळ माझ्याकडे. कंडक्टर कबूल झाला, कोंबडीवाला झाला, मोदकवाली झाली.

“तू का गो घामाघूम?” मावशीनं विचारलं.

“गरम होतंय,” मी म्हणाले.

इथवर हसलात ना? मीही हसायचे. मैत्रिणींना ही गोष्ट मी चार वेळा सांगितली आहे, कोंबडी, मोदक, पेढ्यांची पुडी, सगळं. फक्त डोळे कुणी केले, ते वगळून.

मावशीनं दुसऱ्या दिवशी शेठना फोन केला. तक्रार म्हणून नाही हो, काळजीनं. “अंतामामांची नजर तपासून घ्या, बिचाऱ्यांचं वय झालंय.” आता पेणमध्ये ‘बिचारा’ शब्दाला किती पाय फुटतात ते इथं राहणाऱ्यालाच माहीत. गौरी जायच्या आत चार कारखान्यांत झालं, अंतामामांना दिसत नाही.

आणि आता ते, ज्याच्याभोवती मी इतका वेळ फिरतेय. डोळे नाही. डोळे म्हणजे आगाऊपणा होता, कान उपटून मिटला असता. हे नंतरचं आहे.

विसर्जन झाल्यावर मी आईचा डबा द्यायला कारखान्यात गेले. मामा एकटेच बसले होते. मला जवळ बोलावलं आणि हळू विचारलं, “वैशू, तू होतीस ना गो तिथं? मला ते डोळे केल्याचं आठवतच नाय. मीच केले ना?”

त्यांना ‘नाही’ ऐकायचं होतं. तो माणूस माझ्या तोंडाकडे बघत होता, एका ‘नाही’साठी. तो शब्द माझ्याकडेच होता, जगात दुसऱ्या कुणाकडे नव्हता.

मी म्हणाले, “व्हय मामा. तुम्हीच केलेत. मी बघितलं.”

मी बघितलं — हे कशाला जोडलं मी? कुणी विचारलं होतं?

आईचं काम जाईल म्हणून, असं लिहिता आलं असतं. पण शेठ तसा माणूस नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. मला ओरडा नको होता. बस.

मामा डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले, या वयात अशी नजर मी बघितली नाही, चष्मा कशाला? मामांनी हट्टानं घेतला. नंबर नाही, साधी काच. तो लावला की आपली चूक दिसेल, असं त्यांना वाटत असावं. पुढच्या वर्षी शेठनी डोळे आपल्या पुतण्याकडे दिले आणि मामांना मुकुट नि दागिने. मामा म्हणाले, बरोबर आहे, आपण केलेलं आपल्याला आठवत नाही म्हणजे काय!

फक्त एका मूर्तीचे डोळे त्यांच्याकडे राहिले. कुठल्या, ओळखलंत? रोह्याहून नानांचा निरोप आला होता: “बाप्पा तोच पाहिजे. बघणारा. त्याच्यापायी घरात आता कुणी खोटं बोलत नाय.” मावशी मोदक स्वतः करायला लागली होती (कळ्या पडत नाहीत, पण करते). काका श्रावण पाळतात, किंवा खरं सांगून जातात.

आणि मामांना ते डोळे जमेनात. जमतील कसे? त्यांच्या हातात तिरपेपणाच नाही. त्यांनी बुबुळ कोपऱ्यात ढकललं, तरी त्यांचा गणपती ‘या, बसा’च म्हणायचा. नाना म्हणाले, छान आहे, पण तो नव्हे. यंदा मामांनी आतापासून सराव धरलाय. दुपारी जेवण झालं की रद्दीच्या कागदावर तिरके डोळे काढत बसतात, जोडीमागून जोडी, तो चष्मा लावून. चाळीस वर्षांचा हात, आणि तो माझी नक्कल करतोय — म्हणजे मी केलेल्या म्हशीच्या नकलेची नक्कल. परवा मला म्हणाले, “मी तेव्हा कसा केला असंन गो? चांगलाच केला असंन.”

मी म्हणाले, “चांगलाच होता, मामा.” हे परवाचं आहे. दोन वर्षांपूर्वीचं नाही.

तर मॅडम, तीन चित्रकार झाले. चौथेही झाले. तिघांची नावं मला ठाऊक नाहीत. त्यांची रेषा मी उचलली, तर निदान कुणाच्या नावावर घातली नाही. ज्या एकाचं नाव ठाऊक होतं, त्याच्या नावावर मी माझं काम खपवलं.

रोह्याच्या त्या मूर्तीचे डोळे मी केले. अंतामामांनी नाही. ते विचारत होते तेव्हा मी खोटं बोलले.

अंक निघायला महिना आहे. त्याच्या आधी, उद्या दुपारी, हे कागद घेऊन मी कारखान्यात जाणार आहे. मामा हातातला ब्रश वाटीवर आडवा ठेवतील आणि वाचायला चष्मा लावतील. शेवटच्या ओळीपर्यंत आले की त्यांना कळेल, की तो नसता लावला तरी चाललं असतं.