मामांच्या पाठीमागची सीट

"बोल रं कायतरी!" पहिला गिअर टाकतानाच मामा म्हणायचे.

कर्जतहून साजगावच्या कारखान्यात कामगार नेणारी आमची बस ते चालवायचे. त्यांच्या पाठीमागची सीट माझी. मी तिथल्या स्टोअरमध्ये कारकून, आणि माझ्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की आवरत नाही. बायकोचा रुसवा, भावकीतला बांध, भेंडीचा भाव, काहीही सांगायचो. जरा थांबलो की आरशातून मामांचे डोळे यायचे, "मंग? पुडं?" इतकं मन लावून माझं कुणी घरातही ऐकत नाही. मी आपला खूश.

चालवता चालवता ते कच्ची हिरवी मिरची कचाकच चावायचे. डोळ्यांतून पाणी यायचं. "हौस," म्हणायचे. आम्ही हसायचो.

दुपारी बसच्या मागच्या बाकावर आडवे झाले की दोन मिनिटांत घोरायला लागत. पडल्या पडल्या झोप, नशीबवान माणूस, असं सगळे म्हणायचे. उठायचे मात्र लाल डोळ्यांनी. "झोपून उठलो का मार खाऊन, तेच कळत नाय." यावरही आम्ही हसायचो. दुसऱ्याचं दुखणं हसण्यावारी नेण्यात आमची बस पटाईत होती.

एका सकाळी मला ताप होता. मी काचेला डोकं टेकून गप्प बसलो होतो. खोपोलीच्या अलीकडे मामांनी बस एकदम कडेला घेतली आणि मागे वळून हळूच विचारलं, "मगाशी पूल गेला का रं?"

"गेला की."

"मला नाय आठवत."

मी वळून पाहिलं. मागे चाळीस बाया-माणसं पेंगत होती. मामांनी चावी काढून माझ्या हातात ठेवली. "आता मी नाय चालवायची."

संध्याकाळी मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. झोपेत यांचा श्वास मधेमधे बंद पडतो, डॉक्टर म्हणाले. म्हणून रात्रभर झोपूनही झोप होत नाही आणि दिवसा डोळे मिटतात. तपासणी करा, झोपताना श्वासाचं मशीन लावावं लागेल, तोवर स्टिअरिंगला हात लावायचा नाही. तपासणीला पनवेलची तारीख मिळाली, बारा दिवसांनंतरची.

बाहेर येताच मामांनी माझा दंड धरला. "घरी बोलू नको हां. मामीला कळलं तं रातभर उशाशी बसंल. आदीच माझ्या घोरन्यानं तिला झोप नाय."

जन्मात मी कुणाची गोष्ट पोटात ठेवली नव्हती. ही ठेवली. रोज फोन हातात घ्यायचो, मामींचा नंबर काढायचो आणि परत खिशात टाकायचो.

नवव्या दिवशी सकाळी निरोप आला. मामा झोपेतच गेले होते.

अंगणात माणसं जमली होती. "पुन्यवान मानूस," कुणीतरी म्हणालं, "सवताला तरास नाय, कुनाला तरास नाय." मला तिथे उभं राहवेना आणि तिथून निघताही येईना.

मामी आत भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "रातभर घोरत व्हते रं. पहाटं एकदम गप झाले. म्हटलं, बरं झालं, आता लागली यांना शांत झोप. आन् माझा पन डोळा लागला."