पेनड्राइव्ह आणि हवेतली फेरी

सातपूरला आमचं छोटंसं वर्कशॉप आहे. मशीनचा प्रोग्राम मी केबिनमधल्या कॉम्प्युटरवर लिहिते, पेनड्राइव्हवर देते आणि आमचे हे मशीन चालवतात. यांची एक सवय मला भारी चीड आणायची. जॉबला, म्हणजे कापायच्या तुकड्याला, कटर लावण्याआधी हे तो एकदा नुसता हवेत फिरवून बघायचे, प्रोग्राममध्ये चूक असेल तर आधीच कळावी म्हणून. प्रोग्राम मी कितीदाही तपासलेला असो, यांची हवेतली फेरी ठरलेली!

त्या दिवशी सकाळी माझं डोकंच फिरलं. "माझ्यावर विश्वासच नाही तुमचा!" म्हणत मी डबेसुद्धा आपटले. हे मशीन पुसायला लागले.

दुपारी विंचूरहून वाईनरीचा माणूस आला. द्राक्षं गाळायच्या मशीनचा भाग तुटलेला, तिकडे भरलेले ट्रॅक्टर उन्हात उभे. स्टेनलेसचा ठोकळा त्यानेच आणलेला, तेवढा एकच. तो वाया गेला तर दुसरा येईपर्यंत सगळ्या द्राक्षांचा चिखल होणार. मी प्रोग्राम लिहिला, कॉपी केला, पेनड्राइव्हवरची फाइल उघडून शेवटपर्यंत बघितली. "पूर्ण आहे हो," म्हटलं. यांनी पेनड्राइव्ह उपटला आणि पळाले.

मशीनमध्ये प्रोग्राम घेऊन झाल्यावर यांनी पेनड्राइव्ह परत आणून दिला. दुसऱ्या कामासाठी मी लावला, सहज तीच फाइल उघडली, तर अर्धीच! शेवटचा आकडासुद्धा मध्येच तुटलेला. अगं बाई! म्हणजे मघाशी मी बघितलं ते पेनड्राइव्हवरचं नव्हतंच. मेल्या कॉम्प्युटरने स्वतःच्या मेमरीतलं दाखवलं होतं. पेनड्राइव्हवर लिहायचं काम त्याचं मागून सावकाश चाललेलं, आणि आम्ही ते संपायच्या आतच उपटून मोकळे.

मी अनवाणी धावले. "अहो, थांबा!" कटर ठोकळ्यावर आणलेला, यांचं बोट बटणावर. त्या अर्ध्या आकड्यावर कटर भलतीकडेच घुसला असता.

प्रोग्राम पुन्हा दिला. या वेळी पेनड्राइव्ह नीट काढला, परत लावला आणि मगच फाइल वाचली. संध्याकाळी तो माणूस जॉब घेऊन हसत गेला. मग माझं तोंड सुरू झालं. "रोज हवेत फिरवता, मग आजच काय झालं होतं?"

हे चहा ओतत होते. "सकाळी तू किती चिडलीस," म्हणाले. "म्हटलं, आज तुझ्या शब्दावर चालवू."

मला रडूच फुटलं. इतका राग आणि इतकी माया एकदम कधी आली नव्हती. "परत असा विश्वास ठेवाल तर बघा," मी म्हटलं.