सहाशे अकरा शून्यं

एका जागी बसणं तिच्या प्रकृतीत नव्हतं. वडिलांनी लहानपणी तिला ‘भिंगरी’ म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव एक्कावन्नाव्या वर्षापर्यंत तिला चिकटून राहिलं. घरचे तोंडावर म्हणायचे, जिल्हा शिक्षण कार्यालयातले पाठीमागे. कागद वाचायचा तो उभ्याने, फोन घ्यायचा तो चकरा मारत. शेजारच्या टेबलावरचा टंकलेखक म्हणायचा, “बाई, तुमच्याकडे बघूनच मला दम लागतो.”

दुसऱ्या मजल्यावर खिडकीशी तिचं टेबल होतं. जिल्ह्यातल्या एकशे चार शाळांचे परीक्षेचे आकडे तिच्याकडे येत. तपासायचे, अडलेल्या ओळी सोडवायच्या आणि राजधानीतल्या मुख्य कार्यालयाकडे पाठवायचे. सव्वीस वर्षं हेच काम. मुख्य कार्यालय मग अठरा जिल्ह्यांना श्रेणी देई. पूर्वी ती नुसत्या निकालावर ठरायची. यंदापासून नियम बदलला होता: साठ गुण निकालाला, चाळीस प्रगतीला. निकाल म्हणजे मूल यंदा कुठे पोचलं. प्रगती म्हणजे गेल्या परीक्षेपासून किती पुढे आलं. भिंगरीला हा नियम मनापासून पटला होता. ज्याच्या घरी शिकवायला कुणी नाही, त्या मुलाचंही निदान चाललेलं अंतर तरी कुणी मोजेल, असं ती सगळ्यांना सांगत सुटली होती.

श्रेणी लागली आणि कार्यालयात एकच गलका झाला. गेल्या वर्षी पंधराव्या नंबरावर असलेला आपला जिल्हा थेट दुसरा! शिक्षणाधिकारी साहेब कधी हसलेले कुणी पाहिले नव्हते. ते त्या दिवशी जिन्यात शिपायाशी हात मिळवून गेले. शुक्रवारी सभागृहात कार्यक्रम ठरला. सोमवारी साहेबांनी तिला बोलावलं.

“बाई, सगळ्यात जास्त प्रगती केलेल्या पन्नास मुलांची यादी काढा. स्टेजवर सत्कार करू.”

पाच मिनिटांचं काम. तिने उभ्याउभ्याच संगणकावर क्रम लावला, कागद छापला आणि वाचता वाचता ती चक्क खुर्चीत बसली. पहिलं मूल शून्यावरून एकाहत्तरवर. दुसरं शून्यावरून एकोणसत्तरवर. तिसरं, चौथं, दहावं, पन्नासावं, सगळी शून्यावरूनच निघालेली.

तिला लख्ख आठवलं. गेल्या वर्षी परीक्षेच्या आठवड्यात जिल्हाभर कांजिण्यांची साथ होती. सहाशे अकरा मुलं परीक्षेला बसलीच नव्हती. त्यांच्या गुणांचे रकाने रिकामे होते, आणि रिकामा रकाना दिसला की संगणक लाल पट्टी दाखवून पुढे जाऊ देत नव्हता. आकडे पाठवायचा शेवटचा दिवस, घड्याळात साडेचार. गैरहजर मूल कसं दाखवायचं हे विचारायला तिने मुख्य कार्यालयाला चारदा फोन लावला, कुणी उचलला नाही. तिने सहाशे अकरा ठिकाणी शून्य टाकलं. ‘उद्या विचारून दुरुस्त करू,’ असं म्हणाली, आणि तो उद्या काही उजाडला नाही.

म्हणजे अंथरुणात पडलेली मुलं गेल्या वर्षी नापास धरली गेली होती. आणि यंदा तीच मुलं साधी परीक्षेला बसली, तर जिल्ह्याची प्रगती आभाळाला टेकली होती.

तिने पहिल्यांदा जे केलं त्याची तिला नंतर कितीतरी दिवस लाज वाटली. शून्यवाली मुलं वगळून तिने खालची पन्नास नावं उचलली, नवी यादी छापली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेब खूश. कुणाला काही कळायचं कारण नव्हतं.

पण दोन दिवस तिचा पाय एका जागी ठरेना. कार्यालयातून घरी येताना ती बसमधून तीन थांबे आधीच उतरली आणि चालत सुटली. घरी भांडी घासून झाल्यावर पुन्हा घासायला घेतली. तिचा नवरा बस चालवायचा; दिवसभर एका जागी बसून काम करणारा, थंड डोक्याचा माणूस. त्याने शेवटी नळ बंद केला.

“काय झालंय?”

“काही नाही.”

“काही नाही तर त्या पातेल्याने तुझं काय घोडं मारलंय?”

तिने सांगून टाकलं. हात पुसायला फडकं देत तो म्हणाला, “ताईला माहीत आहे?”

नेमकं तेच तिच्या जिवाला लागलं होतं. तिची थोरली बहीण कालव्याजवळच्या शाळेत मुख्याध्यापिका होती. त्या सहाशे अकरांपैकी सत्तावन्न मुलं ताईच्या शाळेतली. गेल्या वर्षी त्यामुळे शाळेला ‘मागे पडलेली’ असा शिक्का बसला. तेवीस पालकांनी मुलं काढून दुसरीकडे घातली. गणिताच्या चांगल्या शिक्षिका बदली मागून गेल्या. आणि तीस वर्षं शिकवत आलेली ताई, वर्षभर दर शनिवारी, आपल्या मुलाच्या वयाच्या प्रशिक्षकासमोर बाकावर बसून ‘शाळा कशी सुधारावी’ हे ऐकून आली. तेव्हा भिंगरीच तिला धीर द्यायला जायची. “आकडे असतात गं ताई, मनावर घेऊ नकोस,” म्हणायची.

बुधवारी मधल्या सुट्टीत ती शाळेत गेली, सांगायचंच म्हणून. फाटकावरच ताई उभी होती. रंगारी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहीत होता: प्रगतीत जिल्ह्यात पहिली शाळा. ताईच्या चष्म्यावर रंगाचा एक थेंब उडाला होता, तिला त्याचा पत्ता नव्हता.

“आलीस? बघ, ‘प्रगती’तली वेलांटी जरा बारीक वाटते का? आणि ऐक, अकरा मुलं परत आली! काल एक आई आली, चक्क माफी मागून गेली.”

“वेलांटी चांगली आहे,” एवढं म्हणून भिंगरी निघाली आणि कार्यालयापर्यंत जवळजवळ पळतच गेली.

गुरुवारी सकाळी दहा वाजता तिने साहेबांच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं.

“साहेब, आपला दुसरा नंबर खोटा आहे.”

साहेबांनी कागद पाहिला. एकदा, दोनदा, मग चष्मा काढून. “ही शून्यं कुणी टाकली?”

“मी.”

“उद्या कार्यक्रम आहे, बाई. पाहुणे निघालेसुद्धा असतील.” त्यांचा आवाज रागाचा नव्हता, घाबरलेला होता. “हे कुणाच्या लक्षात आलंय?”

“माझ्या.”

“म्हणजे आणखी कुणाच्या नाही.”

“नाही.”

साहेब खिडकीपाशी गेले. खाली गाडीतून फुलांच्या कुंड्या उतरवत होते. या खोलीत पहिल्यांदाच साहेब फेऱ्या मारत होते आणि भिंगरी एका जागी उभी होती.

“तुम्ही गप्प बसला असता तर चाललं असतं,” ते म्हणाले.

“दोन दिवस बसून बघितलं, साहेब. नाही जमलं.”

त्यांनी आणखी एक फेरी मारली. मग खुर्चीत बसून स्वतःच फोन फिरवला. मुख्य कार्यालयाशी बोलताना त्यांनी तिचं नाव घेतलं नाही. “आमच्या कार्यालयाची चूक आहे,” म्हणाले. फोन ठेवल्यावर मात्र तिच्याकडे न बघता म्हणाले, “जा आता. आणि कार्यक्रम रद्द झाल्याचं एकशे चार शाळांना तुम्हीच कळवा.”

एकशे तीन शाळांना तिने फोन केले. एकशे चौथीला ती स्वतः गेली.

शाळा नुकतीच सुटली होती. ताई रिकाम्या वर्गात वह्या तपासत होती. भिंगरीने दारातूनच सगळं सांगितलं, एका दमात, पदराचा काठ बोटाला गुंडाळत. ताईची लेखणी थांबली.

“म्हणजे यंदाचं खोटं.”

“हो.”

“आणि गेल्या वर्षीचं?”

“तेही. तुझी शाळा मागे नव्हतीच, ताई. मधोमध होती.”

ताईने लेखणीला टोपण लावलं. “बावन्न शनिवार,” ती म्हणाली. “त्या पोरासमोर बाकावर बसले मी. आणि तू इथे येऊन मला सांगायचीस, मनावर घेऊ नको.”

“मला खरंच माहीत नव्हतं गं.”

“आकडे तुझ्याकडे होते! तू एकदा मागे वळून बघितलं असतंस तर? एकदा? जिथेतिथे नुसती धावतेस. जा तू. आत्ता जा.”

तीन आठवड्यांनी दुरुस्त श्रेणी आली. जिल्हा यंदा आठवा. गेल्या वर्षीचा पंधराव्याऐवजी अकरावा. आठव्या नंबराची बातमी सगळीकडे झाली, अकराव्याची ओळ पत्रकाच्या शेवटच्या पानावर तळाशी होती. भिंगरीला लेखी ताकीद मिळाली. कार्यालयात तिच्याशी बोलणं लोकांनी बेताचं केलं. त्यांचा आनंद तिने हिरावला होता, आणि तो खोटा होता हे काही त्यांचं दुःख कमी करणारं नव्हतं. फक्त टंकलेखक आपला डबा घेऊन रोज तिच्या टेबलाशी येऊन बसायचा. शाळेच्या भिंतीवर चुना फिरला. परत आलेल्या अकरांपैकी सात मुलं राहिली.

ताईने फोन उचलणं बंद केलं होतं. भिंगरी दर रविवारी कालव्याच्या रस्त्याने चालत जायची, ताईच्या घराच्या कोपऱ्यावरून परत फिरायची. नवरा म्हणाला, “जिना तरी चढ.” तिला धीर होत नव्हता.

दीड महिन्याने एका शनिवारी दुपारी ताईच दारात उभी राहिली. सोबत दोन मोठ्या पिशव्या, वह्यांनी गच्च भरलेल्या. चप्पल काढून सरळ आत आली, कशी आहेस वगैरे काही विचारलं नाही.

“तुझ्या दुरुस्त कागदावर त्या सत्तावन्न मुलांपुढे काय लिहिलंय?”

“प्रगती मोजता येत नाही, असं.”

“का?”

“गेल्या वर्षीचे गुणच नाहीत ना त्यांचे.”

“गुण नाहीत, वह्या आहेत,” ताई म्हणाली आणि पिशवी जमिनीवर उपडी केली. “गेल्या वर्षीच्या या, यंदाच्या त्या. मला कळायला हवं कोण पुढे गेलंय आणि कोण अडकलंय. गणिताच्या बाई गेल्यापासून चौथीचा मला भरवसा नाही. मला एकटीला उरकायचं नाही. बस.”

भिंगरी जमिनीवर बसली. एकीची गेल्या वर्षीची वही उघडली. वजाबाकीत हातचा घ्यायचाच विसरलेली. यंदाच्या वहीत हातचा बरोबर, पण भागाकाराची पानं कोरी. ताईने त्या नावापुढे खूण केली. दुसरी वही उघडली, मग तिसरी. संध्याकाळपर्यंत वीस मुलं झाली. त्यातली सहा खरोखरच जिथल्या तिथे होती, आणि सत्कारासाठी काढलेल्या पहिल्या यादीत ती सहाही होती.

मध्ये चारदा भिंगरी उठली, खिडकीपर्यंत जाऊन आली. ताईने एकदाही हटकलं नाही. जाताना ती एवढंच म्हणाली, “उरलेल्या इथेच ठेवते. उद्या दहाला येईन.”

माफ केलं की नाही, ते ताईने त्या दिवशीही सांगितलं नाही आणि पुढेही कधी नाही. पण रविवारी ती दहाच्या आधीच आली.