घामाची सूट

पगाराची चिठ्ठी हातात पडली की घामवाले तात्या ती खालून वर वाचत. आधी कपात, मग मिळकत. बारामतीच्या एमआयडीसीत ते लेथवर होते, मी हिशेब खात्यात. वर्षभराचा आयकर आमच्याकडे मार्चमध्ये एकदम कापला जाई. धाकटीला नर्सिंगला घालायचं म्हणून तात्या ओव्हरटाइम करत आणि त्यातला बराचसा या करात जाई.

खिडकीशी येऊन म्हणत, "बाई, आठ तासांवर कर लावा, न्हाय कोन म्हनतंय? पन नवव्या तासाच्या घामाला सूट पायजे. न्हायतर मानूस जादा राबंल कशाला?"

"तात्या, कायदा मी करत नाही."

"मग करतंय त्येला हितं बोलवा."

त्यांचे वडील मेंढरं घेऊन कोकणात उतरत. तळावर मिळकतीची वाटणी होताना मेंढरांमागे चालणाऱ्याचा वाटा आधी निघे, मेंढरं पाठवून घरी बसलेल्याचा मागून. सरकारनं एवढंच करावं, असं तात्यांचं म्हणणं होतं. मी एकदा विचारलं, "पण घाम मोजणार कोण?"

"गाव मोजंल की. कोन राबतंय ते गावाला म्हाईत नसतं व्हय?"

इंदापूर तालुक्यातल्या त्यांच्या गावात जत्रेची पट्टी सगळ्या घरांना सारखी होती. तात्यांनी बैठकीत ठराव मांडला: हातानं राबणाऱ्याला निम्मी, बसून मिळवणाऱ्याला दुप्पट. सगळ्यांनी माना डोलावल्या. वसुलीच्या दिवशी गावातले सर्वांत मोठे बागायतदार आबा चिखलाच्या पायांनी देवळात आले. "उसाला पानी देऊन येतोय," म्हणाले. मग एकेक करत सगळेच राबणारे निघाले. उरले तात्या. पायात बूट, महिन्याला पगार, पंख्याखाली काम. दुप्पट पट्टी त्यांनी एकट्यानं भरली.

हे त्यांनीच मला सोमवारी सांगितलं. मला हसू आलं, त्यांना नाही. "पानी देनारा आबाचा गडी मागंच हुबा हुता, बाई. त्यो बी गप ऱ्हायला. मी काय बोलू?"

त्या आठवड्यापासून त्यांनी ओव्हरटाइम सोडला. भोंगा झाला की सायकल काढत. धाकटीचं नर्सिंग राहिलं. तिला बारावीनंतर उजवून टाकलं.

वर्षाची मिळकत करमर्यादेच्या खाली राहिली, आणि मार्चमध्ये त्यांच्या चिठ्ठीवर कराचा रकाना कोरा होता. तात्यांनी ती नेहमीसारखी खालून वाचली, घडी करून खिशात घातली.

"बसलो, तवा सूट मिळाली बघा," म्हणाले.

रांगेतल्या पुढच्या माणसाला मी नाव विचारलं.