तोंड उघडायला लावणाऱ्या वन्सं

आमच्या थोरल्या वन्संच्या मते जगातली निम्मी दुःखं माणसं तोंड पुरतं उघडत नाहीत म्हणून झालेली आहेत. उरलेली निम्मी नाकात गाणाऱ्यांनी केली, आणि त्यातली मुख्य आरोपी मी. तरुणपणी मला माझा आवाज फारच गोड वाटे. शिरूरला आमच्या गल्लीत हळदीकुंकवाला कुणी "नाव घ्या" म्हणालं, की मी आधी गाणं म्हणायची, नाव मागाहून. वरच्या सुराला आवाज पोचायचा नाही, म्हणून डोळे तरी मिटून घ्यायची. एकदा माहेरपणाला आलेल्या वन्सं भर बायकांत म्हणाल्या, "अगं, नाक शिंकरायला असतंय. गायला छाती हाय, टाळू हाय, त्ये कवा वापरणार?" मी चार दिवस अबोला धरला. त्यांना वाटलं, घशाला आराम देतेय. वर शाबासकी दिली!

वन्संचं सासर दौंडच्या रेल्वे कॉलनीत. गाणं कुणाकडे शिकल्या नाहीत, पण पोरांना जेवायला हाक मारली की चार घरं पलीकडची पोरंसुद्धा ताटावर बसायची. त्यांचे व्यायाम सगळे घरगुती. सकाळी तोंड मिटून 'म्' धरायचा, ओठांना मुंग्या येईपर्यंत. मग रिकाम्या हंड्यात तोंड घालून सूर शोधायचा. हंडा घुमला की सापडला. पेल्यात नळी बुडवून बुडबुडे काढत गायचं. इंजिनाचा भोंगा झाला की तोच सूर धरून घसरगुंडीसारखं खाली यायचं आणि पुन्हा वर चढायचं. पाहुणे आले म्हणून खंड नाही. त्यांच्या मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांनी दारातून पाहिलं, तर बाईंचं डोकं हंड्यात. "अडकलं का काय!" म्हणत ते बिचारे हंडा ओढायला धावले.

तरी सोयरीक जमली. आणि लग्नाला दोन महिने असताना वन्संच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. आवाज उरला तो कुजबुजीपुरता. लेकीसाठी त्यांनी स्वतः मंगलाष्टकं रचली होती, शेवटचं कडवं पार तारसप्तकात. वही माझ्या हातात देत त्या कुजबुजल्या, "आता तूच म्हणायची. तोंड उघड."

दर आठवड्याला मी एस.टी.नं दौंड गाठायची आणि पन्नाशीची बाई पाण्यात बुडबुडे काढत बसायची. एक दिवस रडकुंडीला येऊन म्हटलं, "वन्सं, वरचा सूर नाही लागत. दुसरी कुणी बघा."

"दुसरीला ती नुसती नवरी. तुझी भाची हाय. जांभई दे. दे म्हंते ना! आता त्या जांभईतच गा."

जबडा सैल पडला, आणि सूर निम्म्या वाटेवर तरी आला.

लग्नात ऐन शेवटच्या कडव्याला लाईट गेली. माईक मुका. मंडपभर माणसं मुठीत अक्षता धरून थांबलेली. पूर्वीची मी असते तर लाईटला शिव्या देऊन सुटले असते. पण समोर वन्सं उभ्या होत्या, नुसते ओठ हलवत. मी पोटातून श्वास घेतला आणि चढले. सूर लागला. थोडा थरथरला, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. वन्सं अक्षता टाकायच्याच विसरल्या. नंतर मला जवळ ओढून कानात म्हणाल्या, "घाई केलीस जरा."

त्यांचा आवाज काही परत आला नाही. फोनवर बोलणं जमत नाही, तरी रोज सकाळी फोन येतो. मी नुसती गाते. खालून वर, वरून खाली. सूर चुकला की त्या पटकन फोन ठेवतात. आता माझी सत्तरी उलटली. वरची एखादी पायरी रोज निसटते. म्हणून मी फार जपून, हळूहळू चढते. तेवढाच वेळ पलीकडून त्यांचा श्वास ऐकू येतो.