विंचवाचा मंत्र आणि फ्रेंचचा अपूर्ण भूतकाळ

भोरच्या शाळेत मी फ्रेंच घेतली ती हौसेनं नव्हे. संस्कृतच्या शास्त्रीबुवांनी पहिल्याच आठवड्यात मला उभं करून श्लोक म्हणायला लावला, आणि म्हणून झाल्यावर वर्गाला सांगितलं की नांगर धरणाऱ्याच्या जिभेला हे झेपायचं नाही. नांगर जिभेनं धरतात हे मला त्या दिवशी कळलं. मॅट्रिकला दुसरी भाषा लागायचीच. म्हणून वेल्ह्याच्या बाजूनं आलेली आम्ही चार-दोन पोरं शेजारच्या खोलीत जाऊन बसलो. तिथं फ्रेंच शिकवत.

शिकवत, हा आपला बोलण्याचा प्रकार. मास्तरांनी उभ्या जन्मात फ्रेंच माणूस पाहिलेला नव्हता. पुण्याच्या कॉलेजात जे पाठ केलं ते आमच्याकडून पाठ करून घ्यायचं, एवढंच त्यांना ठाऊक. भिंतीपलीकडून 'रामः रामौ रामाः' ऐकू येई आणि अलीकडून आम्ही ओरडत असू, 'ज पार्ले, त्यू पार्ले, इल पार्ले'. शास्त्रीबुवांना आमचा विटाळ होता आणि आमच्या मास्तरांना शास्त्रीबुवा जुनाट वाटत, पण दोघांचं दुकान एकच होतं.

हे 'पार्ले' म्हणजे त्यांचा अपूर्ण भूतकाळ. आपण 'मी बोलत होतो' वेगळं म्हणतो आणि 'मी बोलत असे' वेगळं. फ्रेंच माणूस दोन्ही एकाच रूपात भागवतो. एखादी गोष्ट चालू होती, किंवा ती रोजची सवय होती, किंवा नुसतं वर्णन करायचं आहे की ऊन होतं, म्हातारा खोकत होता, तर हा काळ वापरायचा. एकदा घडलं आणि संपलं, तर दुसरा. एवढा मतलब मास्तरांनी तपकिरीची चिमूट नाकात जाईतो सांगून संपवला. कृतीवर मात्र महिना घालवला. वर्तमानकाळातलं 'आम्ही'चं रूप घ्यायचं, 'नू पार्लों'. त्याचं 'ओं' छाटायचं. उरलेल्या खुंटाला शेपट्या लावायच्या: ए, ए, ए, इयों, इये, ए. लिहिताना त्या बहुतेक निरनिराळ्या, कानाला त्यातल्या चार सारख्याच. बोलणे घ्या, पिणे घ्या, विकणे घ्या, सगळ्यांना एकच कात्री. एकटं 'असणे' तेवढं आडमुठं, त्याचा खुंट निराळा पाठ करायचा, 'एते'.

त्या खोलीत ही एकच गोष्ट मला आवडली हे कबूल करायला हवं. शाळेत आणि भोर संस्थानात सगळीकडे माणूस बघून नियम बदलायचा, हा बदलत नव्हता. पुस्तकातली वाक्यं मात्र भिकार होती. त्यातला इसम सदा बागेत फिरत असे, पाव खात असे आणि मामाची वाट बघत असे. त्याला कामधंदा काही नसावा.

मॅट्रिकच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो तेव्हा परीक्षेला काही महिनेच उरले होते, आणि वडिलांनी ठरवून टाकलं होतं की मी परत जायचं नाही. भात कापणीला आलं होतं, माणूस अपुरा होता.

"लई झाली शाळा," ते म्हणाले. "आता हितंच ऱ्हा."

माझ्या बाजूनं घरात एकटी आत्या होती. वडिलांची ही थोरली बहीण नवरा गेल्यावर भावाकडे आली होती, आणि वडील तिला दबून असत. ती म्हणाली, "त्याचं त्यो बगंल. दिवाळी तर हू दे." तिच्या जिवावर मी दिवाळीचे दिवस ढकलत होतो. मॅट्रिक झालो तर त्या डोंगरातून सुटणार होतो, नाही झालो तर जन्मभर दुसऱ्याच्या तोंडून जग ऐकणार होतो. मला दुसरं काही नको होतं.

खळ्याच्या कडेला येरझारा घालत मी मोठ्यानं पाठ करत असे. एका दुपारी पेंढ्या उचलताना पाटलाच्या भावाला विंचू चावला. एरवी पोरीबाळींवर डाफरणारा हा गडी खळ्यात बसून आईच्या नावानं गळा काढू लागला. विंचू उतरवणारा देवरुषी सासुरवाडीला गेलेला. मी त्या रडणाऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला 'विकणे' पुरं करायचं होतं, ते केलं, मग 'पिणे' घेतलं, 'संपवणे' घेतलं. दिवस कलायच्या सुमाराला त्याची कळ थांबली. विंचवाची कळ थांबतेच, त्याला मंत्र लागत नाही आणि मेंदूही लागत नाही. पण त्यानं उठून माझे पाय धरले.

दुसऱ्या दिवशी सगळ्या खोऱ्यात झालं की अमक्याचा पोरगा भोरहून फिरंग्यांचा मंत्र शिकून आलाय. कुणी दाढ दुखते म्हणून आलं, कुणी म्हैस पान्हवत नाही म्हणून. वरच्या पठारावरचा एक धनगर आजारी मेंढरू खांद्यावर घालून उतरला. मी चिडून सगळ्यांना हाकलत होतो, आणि मी चिडतो म्हणजे विद्या कडक आहे अशी त्यांची खात्री पटत होती. शहाण्या माणसानं मूर्खांपुढे रागावू नये, ते त्याला देव करतात.

वडील मात्र खुलले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला पाटावर शेजारी घेतलं.

"आबा, ह्यो मंतर न्हाई," मी सांगितलं. "ह्याचा आरथ निस्ता 'मी बोलत व्हतो, तू बोलत व्हतास' असा हाय."

"मंतराचा आरथ सांगू ने," ते म्हणाले. "इद्या आली न्हवं? मग आता शाळा कशाला?"

म्हणजे मला येत नव्हतं तोवर शाळा फुकट होती, आणि आलं म्हणून शाळा संपली.

मग आत्याला जनावर डसलं. सकाळी ओढ्याकाठच्या खाचरात भात कापताना तिचा हात पेंढीखाली गेला. पेंढी उचलली तर खाली घोणस. मी पोचलो तेव्हा हात मनगटापर्यंत सुजला होता आणि सगळा गाव भोवती कडं करून माझीच वाट बघत होता. झोळी बांधायचं एकालाही सुचलं नव्हतं.

"म्हण," वडील म्हणाले.

मी ओरडलो. हिला नसरापूरला न्या, तिथून मोटारीनं भोरच्या दवाखान्यात न्या, मंत्रानं कुणी वाचत नाही, तुम्ही माणसं आहात की दगड, असं बरंच काही. कुणी हललं नाही. पाटलाचा भाऊ माझ्याकडे असा बघत होता की जणू मी भाव खातोय.

आत्यानंच तोड काढली. "उचला मला," ती म्हणाली. "पोरगं म्हनतंय तसं करा. वाटंनं त्यो म्हनंल. म्हनशील न्हवं रं?"

"म्हनतो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

घोंगडीची झोळी वेळूला बांधून आम्ही निघालो. पुढे दोघं, मागे दोघं, बाजूनं वडील, आणि मी तिच्या डोक्याशी चालत. मी 'बोलणे' म्हटलं. 'विकणे' म्हटलं. विंझरपर्यंत पाठ केलेलं सगळं संपलं आणि मी थांबलो, तर तिनं डोळे उघडले.

"थांबू नगं."

थांबायचं कारणच नव्हतं. मास्तरांची कात्री माझ्याजवळ होती. जे क्रियापद आठवेल त्याचं 'आम्ही' घ्यायचं, शेपूट छाटायचं, नवं लावायचं. घेणे, प्रने. करणे, फझे. येणे, व्हने. कधी पाठ न केलेली रूपंसुद्धा पायाखालच्या वाटेवर आपोआप तयार होत होती, आणि ती बरोबर होती. नुसती रूपं संपत आली तेव्हा पुस्तकातली वाक्यं घेतली. माझी आत्या घोंगडीत काळी पडत होती, हिरड्यांतून रक्त येत होतं, आणि मी तिच्या कानाशी सांगत होतो की तो इसम बागेत फिरत असे, पाव खात असे. मला त्या इसमाची, त्या मास्तरांची, माझ्या गावाची, सगळ्यांची शिसारी आली. तरी मी म्हणत राहिलो, कारण म्हणत होतो तोवर ती कण्हत नव्हती. माझ्यावर तिची माया होती आणि माझी तिच्यावर. एवढ्यासाठी माणूस काहीही म्हणतो.

मार्गासनीच्या अलीकडे पुढचे दोघं थांबले. मला कळलं नाही, मी आपला 'एते, एते' करत होतो. वडिलांनी माझ्या तोंडावर हात ठेवला.

पुढचे दिवस गावानं निवाडा करण्यात घालवले. देवरुषी परत आला होता, तो म्हणाला, फिरंगी मंत्र विंचवापुरता, जनावराला पुरत नाही. पाटलाचा भाऊ म्हणाला, पोरानं आधी नकार दिला तिथंच इद्या बाटली. इतक्या उशिरा का उचललं, हा प्रश्न एकाच्याही तोंडून आला नाही. मीही विचारला नाही. उत्तर देण्याइतकी अक्कल मला तिथं कुणातच दिसत नव्हती.

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी माझी वळकटी स्वतः बांधून ओसरीवर आणून ठेवली. वर भाकरीचं फडकं ठेवलं.

"जा भोरला," ते म्हणाले.

आत्या जिवंत असताना जे ती त्यांच्याकडून मिळवू शकली नव्हती, ते समोर ठेवलेलं होतं.

"तुजी काय चूक न्हाई," ते म्हणाले. "आर्दं शिकल्यालं व्हतं, म्हून ती आर्ध्या वाटंवर गेली. आता पुरं शिकून ये."

मी वळकटी उचलली.